सुरक्षा ठरते ती खरेदीच्या टेबलावर

मार्च २०२१ मध्ये अकोल्याचे तेव्हाचे खासदार आणि केंद्रातले माहिती तंत्रज्ञान राज्यमंत्री संजय धोत्रे यांनी लोकसभेत एक उत्तर दिलं. देशभरातल्या सरकारी संस्थांमध्ये लागलेले सुमारे दहा लाख सीसीटीव्ही कॅमेरे चिनी कंपन्यांचे आहेत आणि त्यांतलं चित्रण परदेशातल्या सर्व्हरवर जाण्याचा धोका आहे, असा त्या उत्तराचा आशय होता. हे कॅमेरे कुणी रात्रीतून चोरून बसवले नव्हते. कुणीतरी मागणी नोंदवली, निविदा काढली, तांत्रिक लिफाफा उघडला, मग आर्थिक लिफाफा उघडला, आणि ज्याचा दर सर्वांत कमी त्याला, म्हणजे कार्यालयीन भाषेत ‘एल-वन’ला, काम दिलं. पुढे बिलं निघाली, मोजमाप झालं, नोंदवहीत सही झाली. नियमांच्या चौकटीत बसवून आपण धोका विकत घेत राहिलो, आणि त्या उत्तरातली ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

सरकारी संगणकाची सुरक्षा सायबर पोलीस ठाण्यात पोहोचण्याच्या फार आधी खरेदी शाखेत ठरून गेलेली असते. गेल्या पंचवीस वर्षांतले कायदे आणि आदेश ओळीने वाचत गेलं, की ही साधी गोष्ट राज्यकर्त्यांच्या ध्यानात यायला किती काळ गेला ते दिसतं. ध्यानात आल्यावरही ती कायद्यात उतरली, ती तुकड्यातुकड्यांनी.

सुरुवात २००० सालची. प्रमोद महाजन माहिती तंत्रज्ञान मंत्री होते. त्या मे महिन्यात ‘आय लव्ह यू’ नावाच्या विषाणूने जगभरातल्या कार्यालयांचे ई-मेल ठप्प केले आणि त्याच महिन्यात आपल्या संसदेने माहिती तंत्रज्ञान कायदा मंजूर केला. १७ ऑक्टोबर २००० पासून तो लागू झाला. त्या काळाच्या मानाने तो पुढचा कायदा होता. डिजिटल सहीला मान्यता मिळाली, संगणकात घुसखोरी करणं गुन्हा ठरला, एखादी सरकारी यंत्रणा ‘संरक्षित’ घोषित करण्याची तरतूद झाली. पण सगळा भर घुसणाऱ्याला शिक्षा करण्यावर होता. सरकारने यंत्र घेताना काय पाहावं, याबद्दल त्यात काही नव्हतं. तेव्हा बहुतेक कचेऱ्यांत संगणक नुकताच येत होता, त्यामुळे २००० सालाला मी दोष देणार नाही.

२००८ ला मात्र देतो. मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्याला महिनाही उलटला नव्हता. २२ आणि २३ डिसेंबरला दोन्ही सभागृहांनी या कायद्याची मोठी दुरुस्ती पार पाडली, आणि लोकसभेत ती चर्चेविना संमत झाली. याच दुरुस्तीने ‘सर्ट-इन’ या आपत्कालीन प्रतिसाद पथकाला ७० ब कलमाखाली कायद्याचं अधिष्ठान मिळालं. हे पथक २००४ पासून कामाला लागलेलं होतंच. अत्यावश्यक यंत्रणांच्या रक्षणासाठी स्वतंत्र संस्थेची तरतूदही ७० अ कलमात आली, पण ती संस्था प्रत्यक्ष अधिसूचित व्हायला जानेवारी २०१४ उजाडलं. आणि याच दुरुस्तीत आक्षेपार्ह ऑनलाइन मजकूर गुन्हा ठरवणारं ६६ अ कलम होतं. पालघरमध्ये नोव्हेंबर २०१२ मध्ये एका फेसबुक मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली आणि देशभर रान उठलं. ते उठायलाच हवं होतं. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये ते कलम रद्द केलं हेही योग्यच झालं. पण या सगळ्यात त्या दुरुस्तीचा दुसरा भाग, म्हणजे सरकारने स्वतःची यंत्रणा कशी राखावी हा प्रश्न, कुणी फारसा वाचलाच नाही. ज्या विधेयकावर चर्चा होत नाही, त्यातल्या चांगल्या कलमांचंही असंच होतं.

खरेदीच्या बाजूला एक मोठी संधी आली होती आणि ती हातची गेली. मे २०१२ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत सार्वजनिक खरेदी विधेयक मांडलं. केंद्राच्या सगळ्या खरेदीला कायद्याचा पाया देण्याचा तो प्रयत्न होता. २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत झालं. त्यानंतर ते परत आलं नाही. त्यामुळे केंद्राची लाखो कोटींची खरेदी आजही ‘सामान्य वित्तीय नियमां’वर चालते. नावात नियम असले तरी त्या शासनाने स्वतःला दिलेल्या सूचना आहेत. तमिळनाडूने १९९८ मध्ये आणि कर्नाटकाने १९९९ मध्ये निविदा पारदर्शकतेचा कायदा केला, राजस्थाननेही २०१२ मध्ये केला. महाराष्ट्राचा कारभार मात्र उद्योग विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने आलेल्या खरेदी नियमपुस्तिकेवर चालतो. शासन निर्णय काढायला विधानसभा लागत नाही, आणि बदलायलाही लागत नाही.

मधल्या काळात सरकार झपाट्याने संगणकावर जात होतं. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, फायलींचे ढीग जळाले, आणि ई-ऑफिसचा आग्रह वाढला. तो बरोबरच होता. मुंबईच्या रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांची कथा याहून बोलकी आहे. २६/११ नंतर राम प्रधान समितीने शहरात कॅमेऱ्यांचं जाळं हवं असं सांगितलं. निविदा निघाल्या, रद्द झाल्या, पुन्हा निघाल्या. जाळ्याचं उद्घाटन झालं ते २ ऑक्टोबर २०१६ ला. गरज मान्य होण्यात आणि यंत्र लागण्यात आठ वर्षं जात असतील, तर पहिल्या मसुद्यातली तांत्रिक वैशिष्ट्यं यंत्र लागेपर्यंत जुनी होतात. सायबर सुरक्षेत आठ वर्षं म्हणजे दोन पिढ्या.

ऑगस्ट २०१६ मध्ये ‘जेम’ हे सरकारी ई-बाजारपेठेचं पोर्टल सुरू झालं. केंद्राचं जुनं पुरवठा महासंचालनालय ऑक्टोबर २०१७ अखेर बंद झालं आणि नव्या वित्तीय नियमांच्या १४९ व्या नियमाने जेमवर उपलब्ध वस्तू जेमवरूनच घेणं बंधनकारक झालं. दलालांची साखळी तुटली, दर उघड झाले, छोट्या विक्रेत्याला दार मिळालं. जेमचं हे श्रेय मी मनापासून देतो. पण पोर्टल वस्तूची किंमत जितकी स्पष्ट दाखवतं, तितकी तिची सुरक्षा दाखवत नाही. राउटरला सुरक्षा-अद्यतनं किती वर्षं मिळतील, त्यातली चिप कुठली, कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलल्याशिवाय तो चालू होतो का, हे खरेदीदाराने स्वतः विचारलं तरच कळतं. तालुक्याच्या कचेरीतल्या लिपिकाकडून ही अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. त्याच्या हातात आयता, बंधनकारक मसुदा हवा.

मग तडाखे बसू लागले. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ या घातक प्रणालीने जेएनपीटीमधलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प केलं आणि न्हावा-शेव्याबाहेर कंटेनर अडकून पडले. सप्टेंबर २०१९ मध्ये कुडनकुलम अणुऊर्जा प्रकल्पाच्या प्रशासकीय जाळ्यातल्या एका संगणकात घातक प्रणाली सापडली. ३० ऑक्टोबरला अणुऊर्जा महामंडळाने ते मान्य केलं. त्याच्या आदल्याच दिवशी प्रकल्पाकडून इन्कार आला होता. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या. घातपाताची शक्यता राज्याच्या गृहमंत्र्यांनी बोलून दाखवली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ती मानवी चूक असल्याचं सांगितलं. मार्च २०२१ मध्ये एमआयडीसीच्या मुख्यालयापासून प्रादेशिक कार्यालयांपर्यंतचे संगणक खंडणीखोर प्रणालीने बंद पाडले.

२०२० हे खरं वळण. ऊर्जा मंत्रालयाने २ जुलैला, म्हणजे मुंबईच्या अंधाराच्या तीन महिने आधी, वीजक्षेत्रासाठी आयात होणारी उपकरणं घातक प्रणालींसाठी तपासून घेण्याचा आदेश काढला. गलवानमधल्या चीनबरोबरच्या चकमकीनंतर २३ जुलैला वित्तीय नियमांत १४४ (११) हा उपनियम आला: भारताला जमिनीवरची सीमा लागून असलेल्या देशांतल्या बोलीदाराला सरकारकडे नोंदणी केल्याशिवाय निविदा भरता येणार नाही. तयार माल अशा देशातून आणून पुरवणाराही त्याचा प्रतिनिधी मानला गेला. पण सुटे भाग आणून इथे वस्तू बनवणारा त्यातून वगळला गेला. उद्योगाच्या दृष्टीने ती सवलत समजण्यासारखी आहे. सुरक्षेच्या दृष्टीने मात्र प्रश्न पॅनेलवरच्या नावाचा नसून आतल्या चिपचा आणि तिच्यावर चालणाऱ्या प्रणालीचा असतो, आणि तिथे हा नियम पोहोचत नव्हता.

दूरसंचार क्षेत्र यापुढे गेलं. १५ जून २०२१ पासून कंपन्यांना जाळ्यात नवी उपकरणं जोडताना ‘विश्वासार्ह स्रोता’ची अट आली, आणि डिसेंबर २०२३ च्या दूरसंचार कायद्यात, २१ व्या कलमात, विश्वासार्ह स्रोताकडूनच खरेदीचा आदेश देण्याचा अधिकार संसदेने सरकारला दिला. आदेशाचा कायदा कसा करता येतो, याचं हे उदाहरण आपल्याकडेच आहे.

एम्सचं प्रकरण मात्र कुणीही विसरू नये. २३ नोव्हेंबर २०२२ च्या सकाळी दिल्लीच्या एम्समधली ई-हॉस्पिटल यंत्रणा बंद पडली. नोंदणी, तपासण्यांचे अहवाल, बिलं, दाखल करणं, सगळं हाताने सुरू झालं. गावाकडून तारीख घेऊन आलेले रुग्ण रांगेत, आणि डॉक्टर कागदावर चिठ्ठ्या लिहिताहेत, असं कित्येक दिवस चाललं. संसदेत सरकारने सांगितलं की पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला आणि जाळ्याची विभागणी नीट नव्हती म्हणून हल्लेखोर आत शिरू शकले. न बाधलेला एक बॅकअप सर्व्हर होता, म्हणून ई-हॉस्पिटलचा डेटा परत मिळाला. जाळं विभागणं आणि बॅकअप वेगळा ठेवणं ही कामं कंत्राटात लिहिली जातात, त्यांना पैसे तरतूद करून द्यावे लागतात. सगळ्यात कमी दराच्या शर्यतीत पहिली कात्री यांच्यावरच चालते.

त्याच वर्षी २८ एप्रिलला सर्ट-इनने घटना सहा तासांत कळवण्याचा आणि नोंदी १८० दिवस जपण्याचा आदेश काढला होता. जून २०२३ मध्ये सरकारी संस्थांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं आली. दोन्ही उपयोगी आहेत, पण पहिला आदेश चोरी झाल्यावरचा आहे आणि दुसरी तत्त्वंच आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, तर त्याच्या १७ व्या कलमात सरकारने आपल्या यंत्रणांना सूट देण्याची वाट ठेवून घेतली. नागरिकाचा सर्वांत जास्त डेटा ज्याच्याकडे आहे, त्यालाच पळवाट. हे मला मान्य नाही.

अमेरिकेचा मार्ग पाहण्यासारखा आहे, कारण तिथेही शहाणपण ठेच लागूनच आलं. २०१५ मध्ये तिथल्या सरकारी कर्मचारी कार्यालयातून २ कोटी १५ लाख माणसांची माहिती चोरीला गेल्याचं उघड झालं आणि त्यात ५६ लाख लोकांचे बोटांचे ठसे होते. पासवर्ड बदलता येतो, ठसा बदलता येत नाही. २०१८ मध्ये तिथल्या संसदेने काही चिनी कंपन्यांची नावं कायद्यात लिहून सरकारी खरेदीतून त्यांना वगळलं. डिसेंबर २०२० मध्ये इंटरनेटला जोडलेली उपकरणं ठरलेल्या सुरक्षा मानकांत बसत नसतील तर सरकारी खात्यांनी ती घेऊ नयेत, असा कायदा झाला. त्याच महिन्यात ‘सोलरविंड्स’ उघडकीला आलं: रीतसर विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या रीतसर अद्यतनातूनच हेर आत शिरले होते. कायदा केला म्हणून हल्ले थांबत नाहीत, हे खरंच आहे. पण त्या धक्क्यानंतर विक्रेत्याकडून सॉफ्टवेअरमधल्या घटकांची यादी मागण्याची पद्धत रुजू लागली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या सर्ट-इननेही तशा यादीची तांत्रिक मार्गदर्शिका काढली.

आपल्याकडचं सर्वांत ठोस पाऊल पडलं ते कॅमेऱ्यांबाबतच. एप्रिल २०२४ च्या अधिसूचनेने सीसीटीव्हीसाठी सुरक्षेच्या अत्यावश्यक अटी घातल्या आणि मुदतवाढीनंतर ९ एप्रिल २०२५ पासून त्या लागू झाल्या. आता मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत कॅमेरा उघडून पाहिला जातो. दुरुस्तीसाठी ठेवलेली यूएआरटीसारखी जोडणी बंद आहे का, की तिथे तार लावून कुणी आत शिरू शकतं? प्रत्येक कॅमेऱ्याची कूटकिल्ली वेगळी आहे, की हजारो नगांना एकच? अद्यतन सही तपासून घेतलं जातं का? कंपन्यांनी उशीर आणि खर्चाची तक्रार केली. प्रयोगशाळा वाढवून ती सोडवावी, अटी सैल करून नव्हे. हा नियम सरकारी खरेदीपुरता नाही, बाजारात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कॅमेऱ्याला आहे, म्हणून मला तो अधिक मोलाचा वाटतो.

तरीही हे फक्त कॅमेरे झाले. प्रिंटर, राउटर, हजेरीची बोटठसा यंत्रं, पाणीपुरवठ्याच्या पंपांचे नियंत्रक हे सगळं नगरपालिका आणि जिल्हा परिषदा आजही दर पाहून घेतात. सार्वजनिक खरेदीचा केंद्रीय कायदा संसदेत परत यायला हवा आणि सुरक्षेच्या किमान अटी त्याच्या मजकुरातच असायला हव्यात. महाराष्ट्राने त्यासाठी दिल्लीकडे पाहत बसू नये. तमिळनाडू आणि कर्नाटक पंचवीस वर्षांपूर्वी थांबले नव्हते. आमदारांनी हा विषय विधानसभेत मांडावा. आणि आपण वाचकांनीही एक करावं. आपल्या गावाच्या निविदा ‘महाटेंडर्स’ संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात. पुढची कॅमेऱ्यांची किंवा संगणकांची निविदा निघाली, की अद्यतनं किती वर्षं मिळणार आणि माहिती फुटली तर जबाबदार कोण, हे तिथे लिहिलं आहे का ते पाहा. नसेल तर मुदत संपायच्या आत मुख्याधिकाऱ्यांना लेखी विचारा.