घरात फोन लागत नाही? वाय-फायवरून बोला
(लेखमाला : रोजच्या वापरातलं तंत्रज्ञान)

फायबरची तार घरापर्यंत कशी येते, ते मागच्या भागात पाहिलं. या वेळी त्याच तारेवरून होणारे फोन.

गोराईच्या म्हाडा वसाहतीत फोन वाजला की माणूस ‘थांब, बाहेर येतो’ म्हणत गल्लीत धावतो. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८०च्या दशकात इथे प्लॉट पाडले गेले, तेव्हा घरं बैठी होती. पुढे मजले चढले. इथल्या गल्ल्यांत आज भिंतीला भिंत, डोक्यावर स्लॅब. टॉवरचा सिग्नल त्यातून आत येता येता क्षीण होतो. वाय-फाय मात्र त्याच खोलीत भरपूर असतं.

उपाय फोनमध्येच आहे, आणि अनेकांना तो ठाऊक नाही याची मला हळहळ वाटते. सेटिंगमध्ये ‘वाय-फाय कॉलिंग’ असतं, ते सुरू करा. एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये ही सोय आणली. नंबर आपला नेहमीचाच, वेगळं अ‍ॅप लागत नाही. समोरच्याकडे साधा बटणांचा फोन असला तरी चालतं. व्हॉट्सअ‍ॅप कॉलला मात्र दोन्हीकडे व्हॉट्सअ‍ॅप हवं. शिवाय ज्यांचं माणूस दुबईत आहे त्यांना माहीत आहे, तिथे व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल चालत नाही. बोटिमसारखं परवानगी असलेलं अ‍ॅप घ्यावं लागतं.

आवाज तुटला की लोक महागडा प्लॅन घेतात. ते पैसे बहुधा वाया जातात. बोलण्याला १०० केबीपीएससुद्धा पुरतं. आवाजाचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे होतात, म्हणजे सेकंदाला ५० पाकिटं. ती एका लयीत पोचली पाहिजेत. उशीर १५० मिलिसेकंदांच्या पुढे गेला की दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. म्हणून राउटर कपाटामागून काढून मोकळ्या जागी ठेवा. कॉलच्या वेळी मोठं डाउनलोड थांबवा.

कामाच्या फोनचंही असंच. मालाडच्या कॉल सेंटरमधल्या मुलांना घरून कॉल घ्यायचे तर पूर्वी सरकारी अटी आड यायच्या. नोव्हेंबर २०२० मध्ये त्या शिथिल झाल्या. आता लॅपटॉप आणि हेडफोनवर कंपनीचा फोन घरी घेता येतो. घरून असं काम करणाऱ्याने शक्य असेल तर लॅपटॉपला राउटरची केबलच जोडावी.

एक काळजी मात्र घ्याच. जुन्या एमटीएनएल फोनला वीज एक्स्चेंजमधून तारेवाटे यायची, त्यामुळे लाइट गेली तरी तो चालायचा. राउटर लगेच बंद पडतो. घरात आजारी किंवा म्हातारं माणूस असेल तर राउटरला छोटा यूपीएस लावा. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवरून ११२ हा आपत्कालीन नंबर लागत नाही. तो नंबर फोनच्या नेहमीच्या डायलरवरूनच फिरवायचा, हे घरातल्या मुलांनाही आजच दाखवून ठेवा.