स्लोचा स्क्रू आणि लाल दिवा

ओम्नीचं इंजिन बघायचं तर आधी ड्रायव्हरला उठवावं लागतं. पुढची सीट उलटली, खालचं झाकण काढलं, की ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन हाताशी येतं. ते इतकं ओळखीचं की कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातला कुठलाही जुना मिस्त्री अंधारातसुद्धा त्याच्या प्लगला पाना लावील. संपादकांना कार्ब्युरेटर जमवणाऱ्या हातांवर लेख हवा होता, म्हणून मी अशाच एका मिस्त्रींच्या शेडमध्ये जाऊन बसलो.

गाडीचा इतिहास थोडक्यात उरकतो. मारुती व्हॅन १९८४ मध्ये आली, १९८८ मध्ये तिची ओम्नी झाली आणि २०१९ मध्ये उत्पादन थांबलं. मधल्या काळात तिनं शाळेची पोरं, पेशंट, भाजी, बँडवाले असं सगळं वाहिलं. हिंदी सिनेमातल्या गुंडांनी अपहरणासाठी तीच पसंत केली, तो दोष सरकत्या दाराचा.

शेडमध्ये उभी होती ती गारगोटीकडच्या एका निवृत्त गुरुजींची. कार्ब्युरेटरवाली, जोतिबा-आदमापूरच्या वाऱ्या केलेली. तक्रार अशी की गाडी तापली आणि सिग्नलला थांबली की ऑईलचा लाल दिवा लुकलुकतो आणि कधीकधी इंजिन बंद पडतं. गुरुजींनी निदानही सोबत आणलं होतं, स्लोचं, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन जितकं फिरतं त्याचं. "मिस्त्री, स्लो जरा वाढवून द्या. मागल्या वेळी वाढवला तर दिवा गेला होता."

मिस्त्रींनी वाद घातला नाही. ऑईल प्रेशरचा स्विच खोलून त्या जागी नळीचा गेज लावला आणि इंजिन तापू दिलं. ओम्नीच्या डॅशबोर्डवर ना फेऱ्यांचा काटा, ना प्रेशरचा. आहे तो फक्त दिवा, आणि प्रेशर चार-पाच पीएसआयच्या खाली गेल्याशिवाय तो बोलत नाही. म्हणजे दिवा लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. गार इंजिनावर काटा चाळिसाच्या वर होता. तापल्यावर, स्लोला, तो पाचाच्या आसपास थरथरायला लागला. मिस्त्रींनी स्लोचा स्क्रू आत घेतला. इंजिनाचा सूर चढला, काटा बारावर गेला.

"घ्या गुरुजी, झालं बरं. आता दिवा लागायचा न्हाई." आणि तोच स्क्रू परत मागं घेतला. "पर दिवा इजला म्हंजे रोग गेला का?"

मला या धंद्यातली सगळ्यात मोठी फसवणूक हीच वाटते, आणि ती कुणी कुणाची करत नाही. गिऱ्हाईक स्वतःच मागून घेतं. ऑईलचा पंप क्रँकवरच फिरतो. फेऱ्या वाढल्या की तो जास्त ऑईल ढकलतो, त्यामुळे बेअरिंगं झिजलेली असली तरी काटा चढतो. वाड्यातल्या नळाला जागोजागी गळती असली की वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही. त्यावर मोटर जोरात चालवणं हा उपाय असेल, तर स्लो वाढवणं हाही उपाय.

मग मिस्त्रींनी डिपस्टिक ओढली. ऑईल फुल्लच्या खुणेच्या वर. गुरुजी खूश झाले, "बघा, थेंबभर ऑईल खात नाही गाडी." मिस्त्रींनी पट्टी नाकाशी नेली आणि मग माझ्यापुढे धरली. पेट्रोलचा वास स्पष्ट होता. बोटांत चोळलं तर ऑईलला चिकटपणाच नव्हता.

पेट्रोल ओढणाऱ्या पंपाला इथं एसी पंप म्हणतात. कॅमशाफ्टच्या धक्क्यावर त्याचा रबरी पडदा हलतो. तो पडदा फाटला होता आणि पेट्रोल थेंबाथेंबानं इंजिनात उतरत होतं. ऑईल पातळ, म्हणून प्रेशर कमी. त्यातल्या पेट्रोलची वाफ परत इंजिनातच ओढली जाणार, म्हणून स्लोही बिघडलेला. दोन तक्रारींचं मूळ एकाच फाटक्या पडद्यात निघालं, हे बघून मी मनातल्या मनात टाळी दिली.

ती जरा लवकर दिली. नवा पंप, नवं २० डब्ल्यू ४० ऑईल आणि फिल्टर घालूनही, गाडी पुन्हा तापवल्यावर काटा सातावर अडकला. हजार फेऱ्यांना दहा पीएसआय हा मिस्त्री लोकांचा जुना हिशेब. त्यात सात म्हणजे दिवा बंद, पण बेअरिंगं झिजलेली. स्लोही पुरता बसेना. मिस्त्रींनी थ्रॉटलची दांडी बोटानं हलवली, ती भोकात खुळखुळली. तिथून हवा शिरते तोवर मिक्श्चरचा स्क्रू कितीही फिरवा. बुश घालायचा तर शेजारी लेथ आहे, पण हे बारीक काम अंगावर घेणारा कारागीर आता शोधावा लागतो. तयार मिळणारे नवे कार्ब्युरेटर निम्मे डुप्लिकेट. शेडमधला पोरगा स्कॅनर झटक्यात लावतो. जेट बघून साफ करायची त्याला सवय नाही, आणि त्यानं ती का लावून घ्यावी, हेही मला सांगता येणार नाही.

त्यात आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. जुन्या रबराला ते मानवत नाही, म्हणजे नवा पडदा किती टिकेल याची खात्री नाही. शिवाय इथेनॉलमुळे कार्ब्युरेटरचं मिक्श्चर आधीच पातळ पडतं. पीयूसीवाला धूर मोजतो तोही स्लोलाच. अशा जुन्या गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के, म्हणून तिथं जाताना मालक मिक्श्चर आणखी पातळ करून घेतो आणि मग सिग्नलला इंजिन बंद पडतं म्हणून परत येतो. कार्ब्युरेटरचे दोन स्क्रू, आणि ओढणारे इतके.

गुरुजींनी हाफ इंजिनच्या, म्हणजे बेअरिंगांच्या, कामाचा खर्च विचारला. आकडा ऐकून ते थोडा वेळ हिशेब करत राहिले. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करायची, म्हणजे पासिंग. त्याची फी पूर्वी सहाशे रुपये होती, एप्रिल २०२२ मध्ये पाच हजार झाली आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांची २०२५ मध्ये आणखी वाढली. त्यांची मुदत तोंडावर आली होती.

"मग इंजिन आधी करू की पासिंग?"

"पासिंग करा आधी," मिस्त्री गेज सोडवत म्हणाले. "न्हाई झालं, तर बेअरिंगं कुणासाठी घालायची?"