दगड उलटून पाहिल्यावर

नदी तपासायची म्हणजे बाटलीत पाणी भरून प्रयोगशाळेत धाडायचं, अशी आपली समजूत. बाटली खोटं बोलत नाही, पण तिला ठाऊक असतो फक्त ती बुडवली तेवढा क्षण. रात्री कोणी गुपचूप सोडलेलं रसायन सकाळपर्यंत कोसभर खाली गेलेलं असतं.

विरघळलेल्या प्राणवायूचंच घ्या. आंघोळीयोग्य पाण्यात तो लिटरमागे किमान 5 मिलिग्रॅम हवा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. सांडपाण्यावर पोसलेल्या शेवाळाने हिरवागार झालेला डोह भर दुपारी ही परीक्षा आरामात उत्तीर्ण होतो, कारण उन्हात शेवाळ प्राणवायू सोडतं. रात्री तेच शेवाळ तो ओढून घेतं आणि पहाटे मासे वर येऊन तोंड वासू लागतात. नमुने मात्र कचेरीच्या वेळेत घेतले जातात!

दुसरा मोठा मापदंड बीओडी. पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातात, याचं हे माप. ब्रिटिशांनी त्यासाठी 5 दिवस ठरवले. तिथल्या नद्यांना समुद्र गाठायला याहून जास्त वेळ लागत नाही म्हणून, असं सांगतात. त्र्यंबकेश्वरहून निघणाऱ्या गोदावरीने यावर काय म्हणावं? आपल्याकडे हीच चाचणी 27 अंश सेल्सिअसला 3 दिवस करतात. बीओडी लिटरमागे 3 मिलिग्रॅमच्या वर गेला की तो पट्टा प्रदूषित. मंडळाच्या 2022च्या अहवालात देशात असे 311 पट्टे होते आणि त्यातले सर्वाधिक, 55, महाराष्ट्रात.

क्षणापलीकडचं विचारायचं तर पाण्यात राहणाऱ्यांना विचारावं. खळाळत्या, उथळ पाण्यात उभं राहून पायाने दगडगोटे ढवळायचे, प्रवाहाच्या खालच्या बाजूला जाळी धरायची आणि सापडलेले किडे पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून ओळखायचे. मेफ्लायची पिल्लं पाण्यात महिनोन्‌महिने काढतात. त्यांच्या पोटाच्या कडेचे नाजूक कल्ले गाळाने चोंदतात, त्यामुळे यातली बरीच कुळं पाणी बिघडताच आधी नाहीशी होतात. गाळातली लाल अळी मात्र तग धरते. तिचा लाल रंग हिमोग्लोबिनचा, प्राणवायूच्या टंचाईत कामी येणारा. ब्रिटनच्या बीएमडब्ल्यूपी पद्धतीत प्रत्येक कुळाला 1 ते 10 गुण असतात. काही मेफ्लाय कुळांना थेट 10, या लाल अळीच्या कुळाला 2, गांडुळांच्या पाण्यातल्या भाऊबंदांना 1. बेरजेला कुळांच्या संख्येने भागलं की सरासरी मिळते. जाळी, भिंग आणि चिकाटी एवढंच भांडवल लागतं. म्हणूनच महाविद्यालयीन मुलांनी ही पद्धत उचलावी असं मला वाटतं.

माशांवरून नदी जोखण्याचा निर्देशांक जेम्स कार यांनी अमेरिकेत 1981 साली मांडला. त्यात नुसते मासे मोजत नाहीत; जाती किती, शिकारी मासे किती, घाण सोसणारे किती, अंगावर व्रण असलेले किती, हे सारं पाहतात. जाळं चिलापीने भरलं म्हणून ‘नदीत मासे भरपूर’ म्हणणाऱ्यांसाठी हे मुद्दाम सांगितलं.

खरी अडचण तुलनेची आहे. गुण कमी आले, पण कोणापेक्षा? ब्रिटनने त्यासाठी तुलनेने निर्मळ ठिकाणांची माहिती जमवली. त्यावरून अमुक उंचीच्या, अमुक तळाच्या नदीत कोणती कुळं असायला हवीत याचा अंदाज बांधतात आणि सापडलेल्यांशी ताडून पाहतात. दख्खनच्या नद्यांना ते गणित जसंच्या तसं लागू पडत नाही. आपले कितीतरी ओढे मे महिन्यात डबक्यांवर येतात; तिथे खळाळातले किडे दिसले नाहीत तर दोष सांडपाण्याचाच असेल असं नाही. मुठेवर तर खडकवासल्याच्या वरही धरणं आहेत. तिच्या पुण्यातल्या पात्राशी ताडायला तशाच उताराचा, तशाच तळाचा, न अडवलेला प्रवाह आधी शोधावा लागेल आणि तिथले किडे पावसाळ्यानंतर एकदा व उन्हाळ्यात एकदा, असे वेगवेगळे नोंदवावे लागतील.