मॉनिटर काळा पडला. पण बिघाड नेमका कुठे?

अमरावती, प्रतिनिधी

घरातील संगणकाचा पडदा एकाएकी काळा पडला की मॉनिटर 'उडाला' असाच बहुतेकांचा समज होतो. मॉनिटर जुना असेल तर दुरुस्तीचा विचारही न होता तो माळ्यावर किंवा भंगारवाल्याच्या हातगाडीवर जातो. वास्तविक पडदा काळा पडण्याच्या काही कारणांचा मॉनिटरशी संबंधच नसतो. ज्यांचा असतो, त्यांतील कित्येक बिघाड किरकोळ खर्चात निघतात. काही बिघाड मात्र असे आहेत की, त्यांना घरच्या घरी हात लावणे जिवावर बेतू शकते.

२००१ मध्ये एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाला आणि संगणक तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले. पाठोपाठ, २००५ नंतरच्या काही वर्षांत, भारनियमनाने वऱ्हाडाला जेरीस आणले. वीज जाण्याने मॉनिटरचे फारसे नुकसान होत नाही. ते होते वीज परतताना, दाबाच्या पहिल्या झटक्याने. म्हणूनच लाइन गेली की भिंतीवरचे बटण बंद करावे, हा जुन्या कारागिरांचा सल्ला आजही लागू आहे. त्यात अकोला-अमरावतीचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना बंद खोलीतील मॉनिटरच्या आत तापमान त्याहून बरेच वर चढलेले असते. जिनिंगच्या परिसरात कापसाचे तंतू हवा खेळण्याच्या फटींत अडकतात आणि उष्णता बाहेर पडण्याचा मार्गच बुजतो.

तपासणीची सुरुवात मॉनिटरवरील छोट्या दिव्यापासून करावी. दिवा अजिबात लागत नसेल तर आधी वीजपुरवठा, वायर आणि सॉकेट पाहावे. तेच सॉकेट दुसऱ्या उपकरणाने तपासले की निम्मा प्रश्न सुटतो. दिवा पिवळा किंवा नारिंगी असेल तर मॉनिटर बहुधा ठीक आहे, त्याला संगणकाकडून संदेशच मिळत नाही. अशा वेळी संगणकाकडची केबल काढून मॉनिटर एकटाच सुरू करावा. पडद्यावर 'नो सिग्नल' किंवा तत्सम अक्षरे उमटली तर दोष केबलमध्ये अथवा संगणकात शोधायचा. या एका चाचणीने दुकानापर्यंतची खेप अनेकदा वाचते.

चित्र दिसते पण रंग बिघडले आहेत, ही तक्रारही नेहमीची. व्हीजीए केबलच्या १५ पिनांपैकी पहिल्या तीन अनुक्रमे लाल, हिरवा आणि निळा रंग वाहतात. निळा नाहीसा झाला तर पांढरा पडदा पिवळा दिसतो, हिरवा गेला तर गुलाबी-जांभळा आणि लाल गेला तर आकाशी. केबल हलवताच रंग परत येत असेल तर दोष पिनेत किंवा वायरीत आहे हे निश्चित समजावे. वाकलेली पिन चिमट्याने हळूच सरळ करता येते. ती जोर लावून मात्र खोचू नये.

आज 'जुना मॉनिटर' म्हणजे बहुधा २०१० च्या आसपासचा एलसीडी. त्याचा नेहमीचा आजार म्हणजे चित्र क्षणभर दिसून नाहीसे होणे. खोलीत अंधार करून पडद्यावर तिरकस टॉर्च मारावी. पुसटसे चित्र दिसले तर पडदा शाबूत असून मागचा प्रकाश गेला आहे. या पिढीतील अनेक मॉनिटरमध्ये प्रकाशासाठी बारीक ट्यूबलाइटसारख्या नळ्या असतात आणि त्यांना इन्व्हर्टर नावाचे सर्किट चालवते. मूळ दोष पुष्कळदा पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमध्ये असतो. डोके फुगलेला किंवा तळाशी तपकिरी द्रव आलेला कपॅसिटर नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येतो. तापमान १० अंशांनी वाढले की या भागाचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा इलेक्ट्रॉनिक्समधील ढोबळ नियम आहे. वऱ्हाडात हे भाग लवकर का थकतात, याचे उत्तर त्यातच मिळते. बदलताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच, व्होल्टचा तोच किंवा जास्त आणि सहनक्षमता १०५ अंशांची आहे, हे ग्राहकाने विचारून घ्यावे. धन-ऋण बाजू उलटली तर नवा कपॅसिटर फुटतो. हा सुटा भाग अगदी स्वस्त असतो. पैसे द्यायचे ते मुख्यतः कारागिराच्या हाताचे.

पिक्चर ट्यूब असलेल्या जड मॉनिटरची गोष्ट निराळी. पडद्यावर केवळ एक आडवी प्रखर रेषा उरली तर चित्र वर-खाली पसरवणारा विभाग बंद पडलेला असतो. तेथील कच्चा पडलेला सोल्डर हे एक नेहमीचे कारण. अशी रेषा तशीच ठेवली तर ट्यूबवर कायमचा डाग पडतो, म्हणून मॉनिटर तत्काळ बंद करावा. कोपऱ्यात रंगांचे ठिगळ दिसले तर जवळचा स्पीकर दूर सरकवावा, दोष चुंबकत्वाचा असतो. आतून टिक-टिक आवाज येऊन मॉनिटर सुरूच होत नसेल तर एलओटी ट्रान्सफॉर्मर किंवा त्याला चालवणारा ट्रान्झिस्टर संशयित ठरतो. पहिल्या पावसानंतर ठिणगीचा चटचट आवाज आणि उग्र वास येतो तो ओलावलेल्या धुळीमुळे. साचलेली धूळ दमट हवेत ओल धरते आणि उच्च दाबाच्या विजेला वाट करून देते.

हा दाब रंगीत ट्यूबमध्ये सुमारे २५,००० व्होल्टपर्यंत असतो. विशेष म्हणजे बटण बंद केल्यावर, वायर काढल्यावरही ट्यूब तो भार बराच काळ धरून ठेवते. मागचे झाकण काढून 'सहज पाहू' म्हणणाऱ्यास धक्का बसतो तो असा. एलसीडीच्या पॉवर सप्लायमधील मोठ्या कपॅसिटरवरही सुमारे ३२५ व्होल्ट साठलेले असतात. बाहेरून निरुपद्रवी दिसणाऱ्या सडपातळ मॉनिटरबाबत हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. तेव्हा झाकणाच्या बाहेरची तपासणी ग्राहकाची आणि आतली प्रशिक्षित कारागिराची, अशी विभागणी ठेवलेली बरी. त्यानेही 'ट्यूब गेली' किंवा 'पॅनल गेले' असे सांगितल्यास दुसरे मत घ्यावे. काच तडकली असेल तर मात्र दुरुस्तीवर खर्च करण्यात अर्थ नाही, कारण पॅनलची किंमत जवळपास नव्या मॉनिटरइतकी जाते.

टाकून देण्याची वेळ आलीच तर ट्यूबच्या काचेत शिसे आणि एलसीडीच्या नळ्यांत पारा असतो, हे लक्षात ठेवावे. तांब्याच्या वेटोळ्यासाठी ट्यूबची मान फोडली जाते तेव्हा आतल्या निर्वातामुळे काच उडते आणि ती डोळ्यांत जाऊ शकते. ई-कचऱ्यासाठी देशात २०१२ पासून स्वतंत्र नियम लागू आहेत. १ एप्रिल २०२३ पासून त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. त्यानुसार असा मॉनिटर नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच जायला हवा. तोवर तो माळ्यावर ठेवायचा असेल तर काच भिंतीकडे करून आणि लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवावा.