चार दिवसांचा बावा

संस्थेचे अध्यक्षपद एकदा हाती आले की सुटत नाही, ही तक्रार गावोगावी ऐकू येते. माणसाला मानाची हौस असते, असे म्हणून आपण विषय संपवितो. आम्हांला वाटते, त्या हौसेमागे खरी गरज आहे. आणि ती भागविण्याची शहाणी रीत आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात चालत आली आहे.

अक्कलकुवा तालुक्यातील काठी हे पूर्वीच्या मेवासी संस्थानांपैकी एक. तेथील राजवाडी होळी पुष्कळांनी पाहिली असेल. रात्रभर नाच चालतो, होळी पेटते ती पहाटे. नाचणाऱ्यांत बावा असतात, बुध्या असतात. डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, अंगावर राखेचे ठिपके, कमरेला घुंगरू आणि सुकविलेले दुधी भोपळे. शहरातला प्रेक्षक याला सोंग समजून छायाचित्र घेऊन परततो. पण हे सोंग नव्हे. पुष्कळांनी नवस केलेला असतो. त्यासाठी ते काही दिवस ब्रह्मचर्य पाळतात, खाट सोडून जमिनीवर निजतात.

घरातले दुखणे किंवा पाऊसपाणी माणसाच्या हाती नसते. काळजी नुसती मनात घोळत राहते. बावा झाला की तिला हातापायांचे काम मिळते, तेही चारचौघांत. एरवी मुकादमाच्या हाकेला धावणाऱ्या मजुराला त्या रात्री गर्दी वाट करून देते. त्याला कोणी निवडून दिलेले नसते. भूमिका त्याची त्यानेच पत्करलेली असते.

फ्रान्समधील अभ्यासक आर्नोल्ड व्हान गेनेप याने १९०९ साली अशा विधींचे तीन टप्पे सांगितले: नेहमीच्या जीवनापासून वेगळे होणे, मधली अवस्था, आणि परत येणे. आमच्या गणेशोत्सवात पहिले दोन नीट साधतात. दुकानातला नोकर दहा दिवस स्वयंसेवक होतो, त्याच्या शिट्टीवर शेटजीही थांबतात. यात आम्हांला गैर काही दिसत नाही. घोटाळा तिसऱ्या टप्प्यात आहे. अनंत चतुर्दशीला मूर्ती विसर्जित होते, अध्यक्ष मात्र फलकावर वर्षभर राहतात!

काठीला पाळणी संपली की बावा भोपळे सोडतो, अंगावरचे ठिपके धुतो. आठवड्याभरात तो मजुरीसाठी गुजरातेच्या एस.टी.त बसलेला असतो, आणि शेजारच्या उतारूला त्याची ओळखही नसते.