लफ्फेदार अक्षर : शोभा आणि मर्यादा

मानपत्रे, निमंत्रणपत्रिका व प्रशस्तिपत्रे यांवरील इंग्रजी मजकूर पुष्कळदा उजवीकडे कललेल्या, एकमेकांत गुंफलेल्या लफ्फेदार अक्षरांत छापलेला आढळतो. या वळणाच्या मुद्राक्षरांपैकी ‘स्नेल राउंडहँड’ हा एक ख्यातनाम नमुना होय.

चार्ल्स स्नेल (१६६७–१७३३) या इंग्रज लेखनशिक्षकाच्या हस्ताक्षरावर ही अक्षरे आधारलेली आहेत. त्या काळी लेखणी पिसाची व टोकदार असे. रेघ खाली ओढताना दाब दिला की ती जाड उमटे आणि वर नेताना केसासारखी बारीक होई. आपल्या बोरूची रीत निराळी आहे. त्याचे टोक रुंद व तिरके कापलेले असल्याने रेषेची जाडी दाबापेक्षा लेखणी धरण्याच्या कोनावर व रेषेच्या दिशेवर अवलंबून असते.

हाताने सहज साधणारे हे वळण छपाईत उतरविणे मात्र कठीण होते. शिशाचा खिळा चौकोनी असतो. कललेल्या अक्षराचा जो भाग खिळ्याबाहेर येई तो मोडण्याची भीती असे आणि दोन अक्षरांच्या सांध्यात फट दिसे. मॅथ्यू कार्टर यांनी १९६५–६६ च्या सुमारास स्नेलचे वळण प्रकाशजुळणीसाठी सिद्ध केले. या पद्धतीत धातूचा खिळाच नसल्यामुळे एक अक्षर दुसऱ्याच्या हद्दीत निर्वेधपणे शिरू शकले. आज संगणकावर हीच अक्षरे सहज उपलब्ध आहेत.

देवनागरीच्या मुद्रकांनाही ही अडचण परिचित होती. वेलांटी व रफार शेजारच्या अक्षरावर झुकतात, तर शिरोरेषा अखंड राहावी लागते. बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षरांवरील ग्रंथ भाषा संचालनालयाने १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. या विषयाचा तो मौलिक अभ्यास होय.

अशा अक्षरांचा उपयोग करताना काही पथ्ये पाळणे इष्ट ठरते. ती मोठ्या आकारात व मोजक्या शब्दांपुरतीच वापरावीत, कारण लहान आकारात, विशेषतः छायाप्रतीत, त्यांच्या बारीक रेषा नाहीशा होतात. इंग्रजी शब्द केवळ मोठ्या लिपीतील अक्षरांत जुळवू नयेत, कारण लफ्फे परस्परांत गुंतून शब्द वाचता येत नाही. अक्षरांमधील अंतरही वाढवू नये, अन्यथा सांधे तुटतात.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे शोभेचे अक्षर शोभेच्याच जागी असावे. मानपत्राच्या मथळ्यास ते खुलून दिसते. परंतु ग्रामपंचायतीच्या फलकावर योजनेची अखेरची तारीख, रक्कम किंवा लाभार्थींची नावे अशा अक्षरांत लिहिल्यास नवसाक्षर वाचक अडखळतो आणि अर्जाची मुदत टळून जाऊ शकते. म्हणून मजकूर छापावयास देण्यापूर्वी तो कोण वाचणार आहे आणि किती अंतरावरून वाचणार आहे, हे संबंधितांनी प्रथम ठरवावे. मथळा देखणा आणि माहिती सुवाच्य असली, म्हणजे दोहोंचेही प्रयोजन सफल होते.