निनावी प्रश्न, जबाबदार उत्तर

संगणकांचे जाळे अद्याप घरोघर पोहोचले नव्हते अशा काळात, १९९३ साली, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील आरोग्यशिक्षण विभागाने ‘गो आस्क अ‍ॅलिस’ या नावाने प्रश्नोत्तरांचे एक दालन उघडले; आणि ज्या शंका घेऊन विद्यार्थी ना वडिलांपुढे उभा राहू शकत होता ना डॉक्टरांपुढे, त्या नावगाव न सांगता विचारण्याची मुभा त्याला तेथे मिळाली. अ‍ॅलिस नावाची कोणी विदुषी तेथे नव्हती. प्रशिक्षित आरोग्यशिक्षकांचे एक मंडळ त्या नावाने उत्तरे लिही. प्रश्नकर्ता अज्ञात, पण उत्तराचे दायित्व मात्र एका नामांकित विद्यापीठाच्या शिरावर, अशी ही तजवीज होती.

काळ अनुकूल नव्हता. एड्सवर परिणामकारक औषध नव्हते. हस्तमैथुनाचा विषय शिक्षणात यावा की नाही, या प्रश्नाला होकारार्थी उत्तर दिल्यामुळे १९९४ च्या डिसेंबरात जॉयस्लिन एल्डर्स यांना अमेरिकेच्या सर्जन जनरल या पदावरून दूर व्हावे लागले. आणि १९९६ साली, एकीकडे केवळ संयमाचा उपदेश करणाऱ्या शिक्षणासाठी सरकारी खजिन्यातून अनुदान मंजूर झाले, तर दुसरीकडे अल्पवयीनांना जाळ्यावरून ‘असभ्य’ मजकूर पाठविणे गुन्हा ठरविणारा कायदा अमलात आला. त्या कायद्याची निषेधकलमे पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल केली, तेव्हा निकालपत्रात एक मार्मिक दाखला होता: महाविद्यालयात नुकत्याच दाखल झालेल्या आपल्या सतरा वर्षांच्या अपत्याला पित्याने संततिनियमनाची माहिती संगणकी टपालाने धाडली, तर या कायद्यान्वये त्यालाही कारावास घडू शकला असता!

‘गो आस्क अ‍ॅलिस’ या उपक्रमाचे खरे मोल मात्र त्याच्या धाडसाहून त्याच्या शिस्तीत अधिक आहे. १९९६ च्या सुमारास संयुक्त औषधोपचाराने एचआयव्हीचे स्वरूप पालटले, २००६ साली एचपीव्हीची लस आली, २०१२ मध्ये एचआयव्हीचा संसर्ग होण्यापूर्वीच घ्यावयाच्या प्रतिबंधक गोळीस मान्यता मिळाली, आणि २०१३ साली तातडीच्या गर्भनिरोधक गोळीवरील वयाची अटही अमेरिकेत उठली. म्हणजे प्रारंभी प्रामाणिकपणे दिलेले उत्तर दहा-वीस वर्षांनी वाचणाऱ्यास अपायकारक ठरण्याचा संभव होता. म्हणून जुनी उत्तरे पुनःपुन्हा तपासून दुरुस्त करण्याचा शिरस्ता तेथे पडला.

मराठी वाचकाला या इतिहासात एक विलक्षण योगायोग दिसेल. वाचकांच्या लैंगिक शंकांना ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून उत्तरे दिल्याबद्दल १९३४ साली मुंबईत र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हा त्यांच्या बचावास उभे राहिलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे याच कोलंबिया विद्यापीठाचे विद्यार्थी होते. खटल्यात हार झाली आणि कर्व्यांना दंड झाला. पण अपराध म्हणून ज्याची शिक्षा झाली, तेच कार्य सुमारे साठ वर्षांनी त्या विद्यापीठाने आपले कर्तव्य म्हणून स्वीकारले.

आज आपल्याकडील तरुणाच्या हाती भ्रमणध्वनी आहे आणि प्रश्न विचारायला त्याला कोणाची परवानगी लागत नाही. २००७ साली महाराष्ट्रासह काही राज्यांनी शालेय लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम रोखला, तरी त्याने कोणाची जिज्ञासा थांबली नाही. ती केवळ अनोळखी दारांकडे वळली. तेथे विचारणाऱ्याप्रमाणे सांगणाराही बहुधा निनावीच असतो, आणि चुकीच्या सल्ल्याचा जाब विचारावा तरी कोणाला? कर्व्यांनी तो जाब न्यायालयात दिला, कोलंबियाने तो आपल्या नावावर घेतला. आपल्या विद्यापीठांनी याहून नवे काही शोधण्याची गरज नाही. विद्यार्थ्याचे नाव गुप्त राखावे आणि उत्तराखाली स्वतःचे नाव घालावे, एवढे पुरे आहे.